कंडेन्सरची बडतर्फी

घड्याळजी कबूल केलेल्या दिवशी घड्याळ परत देत नाही आणि वैद्य स्वतः कधी पथ्य पाळत नाही, ही जशी सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे, तशीच माणसामाणसांत संभाषण घडवून आणणारी बिनतारी यंत्रे जो दुरुस्त करतो तो स्वतः घरात कोणाशी चार शब्द बोलत नाही, हीही वास्तविक सर्वांच्या परिचयाची व्हावयास हवी होती. परंतु असे दुरुस्तीकार आपल्या समाजात फार थोडे, आणि जे आहेत ते माळ्यावर, गॅलरीच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत बसत असल्यामुळे समाजशास्त्रज्ञांच्या दृष्टीतून निसटले आहेत. सुदैवाने माझ्या शेजारी असे एक गृहस्थ राहतात. जिल्हा कचेरीतून ते शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, आणि हुद्दा सुटला तरी हाक सुटत नाही या न्यायाने सारी आळी त्यांना अजूनही शिरस्तेदारच म्हणते. सेवेत असताना त्यांनी इतरांच्या अर्जांवर शेरे मारले. निवृत्तीनंतर ते मुक्या पडलेल्या जुन्या बिनतारी संचांची चौकशी चालवितात, आणि या दोन कामांत तत्त्वतः काही भेद नाही असे त्यांचे प्रामाणिक मत आहे.

त्यांच्यासमोर या यंत्रांना ‘रेडिओ’ म्हणण्याची सोय नाही. रेडिओ म्हणजे एकतर्फी हुकूमनामा. तो निघाला की मुकाट्याने ऐकावा, उलट उत्तर देण्याची तरतूद नाही. संच मात्र ऐकतो आणि बोलतोही, सबब त्याचा दर्जा पक्षकाराचा आहे, असे ते बजावतात. त्यांच्या टेबलाचा बहुतेक भाग ज्याने व्यापला आहे तो संच म्हणजे ब्रिटिश सैन्याचा ‘वायरलेस सेट नंबर १९’. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत केंब्रिजच्या पाय कंपनीने रणगाड्यांसाठी त्याची आखणी केली. पंधरा व्हॉल्व्हच्या त्या एका पेटीत यंत्रे तीन: पहिले २ ते ८ मेगाहर्ट्झवर दूरच्या तळाशी बोलण्याचे, दुसरे २२९ ते २४१ मेगाहर्ट्झवर जवळपासच्या रणगाड्यांशी कुजबुजण्याचे, आणि तिसरे, एकाच रणगाड्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या माणसांना इंजिनाच्या घरघराटात परस्परांचे शब्द ऐकू यावेत म्हणून योजलेले. शिरस्तेदारांनी पहिले यंत्र चालू केले आहे. दुसरे ते सवडीने चालू करणार आहेत. तिसऱ्याची, म्हणजे एकाच छपराखाली बसलेल्या माणसांत संभाषण घडविणाऱ्या यंत्राची, आपल्या घरात काही निकड आहे असे त्यांना वाटत नाही. वहिनींना वाटते.

कॅनडात तयार झालेल्या या संचांपैकी पुष्कळांच्या दर्शनी पत्र्यावर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरेही आढळतात, कारण ते सोव्हिएत सैन्याकडे रवाना करावयाचे होते. शिरस्तेदारांचा संच असाच दुभाषी आहे, आणि त्यामुळेच त्यांना त्याच्याविषयी प्रथमदर्शनी आपुलकी वाटली. जन्मभर त्यांनी द्विभाषिक परिपत्रके हाताळली होती, आणि ज्यातली एकही भाषा धड उलगडत नाही असा मजकूर सरकारीच असला पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा आहे. संच मिळाला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. युद्ध संपल्यावर सैन्याच्या उपयोगातून काढलेला माल ‘डिस्पोजल’ या नावाने विक्रीस निघाला आणि हौशी बिनतारीवाल्यांची एक पिढी त्या मालावर पोसली गेली. ती पिढी आता पिकली आहे. तिच्यातला एकेक सभासद दिवंगत झाला, की त्याचा संच तेराव्या दिवसानंतर सूनबाईंच्या हस्ते पुन्हा बाजारात रुजू होतो.

या संचांचा स्वभाव मोठा शिस्तीचा. मायक्रोफोनची कळ दाबली की बोलता येते, सोडली की ऐकू येते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. इंग्रजांना यात काही वावगे वाटले नसावे; परंतु ज्या प्रदेशात दोन माणसे एकदम बोलतात, तिसरा मध्ये पडतो, आणि तरीही शेवटी तिघांनाही सर्व काही समजलेले असते, तेथे ‘मी बोलत आहे तोवर तुला बोलता यावयाचे नाही’ ही अट म्हणजे लोकाचारावरचा घालाच होय. आपले म्हणणे संपले की ‘ओव्हर’ म्हणावयाचे आणि कळ सोडावयाची, हा दंडक. पण शिरस्तेदारांच्या एका स्नेह्यांना कळ दाबण्याचे जेवढे भान असते तेवढे ती सोडण्याचे नसते. ते सविस्तर बोलतात. त्या अवधीत शिरस्तेदार चहा घेतात, वर्तमानपत्र चाळतात, नळाला पाणी आले का ते पाहून येतात, आणि ‘ओव्हर’ कानी पडताच ‘आपले म्हणणे सर्वस्वी मान्य आहे’ एवढेच सांगून मोकळे होतात. या दोघांत आजवर एकदाही मतभेद झालेला नाही. नगरपालिकांच्या सभागृहांत ध्वनिक्षेपकांऐवजी हे संच बसविण्याची सूचना मी एका नगरसेवकांना करून पाहिली. कळ कोणाकडे राहील, एवढेच त्यांनी विचारले.

परंतु बोलणे ही पुढची गोष्ट. ऐंशी वर्षांच्या संचाची वाचा प्रथम परत आणावी लागते, आणि येथे शिरस्तेदारांचे चौकशी खाते सुरू होते.

मुक्या संचाविरुद्ध फिर्याद आली, की सामान्य मनुष्य पहिला आळ घेतो तो व्हॉल्व्हवर. ते स्वाभाविकही आहे. व्हॉल्व्ह काचेचा असतो, उंचापुरा असतो, चालू असताना त्याच्या अंतर्यामी तांबूस प्रकाश दिसतो, आणि त्याच्या अंगावर ‘८०७’ असा काहीतरी भारदस्त क्रमांक असतो. थोडक्यात, तो अधिकारी दिसतो, आणि कारभार बिघडला की अधिकारी बदलावा ही लोकांची जुनी मागणी आहे. वस्तुतः पुष्कळ प्रकरणांत व्हॉल्व्हचा काहीएक अपराध नसतो. त्याच्या काचेवर आतल्या बाजूने एक रुपेरी डाग असतो; व्हॉल्व्ह बनविताना आत राहिलेली हवा शोषून घेण्यासाठी जो धातू तापवून उडवितात, त्याचा तो लेप. डाग रुपेरी आहे तोवर आतली निर्वात पोकळी शाबूत समजावी. काच तडकून हवा आत शिरली, की तो पांढराफटक पडतो. म्हणजे व्हॉल्व्ह आपला दाखला कपाळावर लावूनच उभा असतो. पण दाखले वाचण्याची वहिवाट आपल्याकडे कचेरीतही नाही.

खरा गुन्हेगार असतो कंडेन्सर. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद, सगळ्याची गुंडाळी करून ती मेणात बुडविलेली, आणि दोन टोकांना दोन तारा, एवढाच या इसमाचा संसार. किंमत सर्वांत कमी, संख्या भरपूर, आणि काम असे, की एकाच दिशेने येणाऱ्या विजेला अडवावयाचे आणि उलटसुलट हेलकावणाऱ्या विजेला आत सोडावयाचे. साहेबांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसलेल्या पट्टेवाल्याचे काम याहून निराळे नसते. साहेब म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह. त्याच्या ग्रिडपर्यंत आवाजाचे नाजूक हेलकावे तेवढे पोचावेत, मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे शे-दोनशे व्होल्टचे दांडगे दडपण पोचू नये, म्हणून या पट्टेवाल्याची दाराशी नेमणूक झालेली असते. तरुणपणी तो काम चोख करतो. परंतु कागदाचा गुण ओल धरण्याचा. मेणाचा लेप कितीही दिला तरी पावसाळ्यामागून पावसाळे जाता कागदात दमटपणा शिरतो, आणि पट्टेवाला थोडे थोडे सोडू लागतो. प्रथम दोन-चार व्होल्ट, ओळखीचे म्हणून, पुढे वीस-पंचवीस. जो ग्रिड ऋण राहावयास हवा तो धन होतो. साहेबांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. ते वाजवीपेक्षा अधिक करंट ओढू लागतात, त्यांची प्लेट लाल होते, आणि अखेर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरला सोबत घेऊन ते जळून जातात. चौकशी होते. साहेब बदलतात. नवे साहेब येतात, तेही जळतात. तिसरे येतात. पट्टेवाला त्याच स्टुलावर बसलेला असतो, आणि प्रत्येक साहेबांच्या निरोपसमारंभाचा हार त्यानेच आणलेला असतो.

शिरस्तेदारांना हा प्रकार कोणी समजावून द्यावा लागला नाही. विजेचे शास्त्र ते निवृत्तीनंतर शिकले, पण सर्किटाचा नकाशा प्रथम पाहताच त्यांनी बोट ठेवले ते थेट त्या कंडेन्सरवर, आणि म्हणाले, ‘याची बदली किती वर्षांत झालेली नाही ते आधी पाहा.’

दुसऱ्या जातीचा कंडेन्सर म्हणजे इलेक्ट्रोलिटिक. याची नेमणूक वीजपुरवठ्याच्या खात्यात असते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आणि सोबत रसायनाने ओलावलेला कागद, ही त्याची अंतर्गत व्यवस्था. रोज व्होल्टेज मिळत आहे तोवर तो थर जागच्या जागी राहतो. संच वर्षानुवर्षे माळ्यावर पडला की थर झिजतो. अशा संचाला कोणी उत्साही नातवाने एकदम भिंतीतला प्लग लावला, की हा इसम तापतो, फुगतो, आणि प्रसंगी मोठा आवाज करून आतला ओला लगदा भिंतीवर उडवितो. दीर्घ रजेवरून परतलेल्या नोकरास पहिल्याच दिवशी पुरा कार्यभार सोपवू नये. थोड्या व्होल्टेजवर सुरुवात करून ते कित्येक तास हळूहळू चढवीत न्यावे. शिरस्तेदार या विधीला ‘फेरनेमणूक’ म्हणतात. काही थोडे फेरनेमणुकीने सुधारतात. बाकीचे आतून कोरडे पडलेले असतात, आणि कोरडेपणावर सरकारी सेवेत जो उपाय नाही तो येथे आहे: त्यांना काढून टाकता येते.

रेझिस्टन्सची तऱ्हा वेगळी. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वय होईल तसतसा अधिकाधिक विरोध करू लागतात. ४७० किलोओहमचा म्हणून सेवेत घेतलेला मीटरवर ५५० भरतो. पण त्याच्याविरुद्ध आरोपपत्र ठेवणे कठीण, कारण अंगावर मूल्याचे तीन पट्टे असून चौथा नसेल, तर त्याचे मूल्य वीस टक्के इकडेतिकडे असू शकते, अशी सवलत कारखान्यानेच त्याला जन्मतः लिहून दिलेली असते. रबरी वेष्टणाच्या तारा हात लावताच भुगा होऊन पडतात, त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. सेलेनियमचा रेक्टिफायर जळाला की सडक्या मुळ्यासारखी दुर्गंधी सुटते. तो धूर विषारी असतो, म्हणून वहिनी त्या वेळी खिडक्या उघडून जे बोलतात ते अक्षरशः योग्य आहे.

बडतर्फीनंतर भरती. त्यासाठी शिरस्तेदार मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातात. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणावे असे पालिकेचे म्हणणे आहे आणि शिरस्तेदार सरकारी कागदाबाहेर कधी गेले नाहीत, म्हणून ते टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगतात आणि अर्धा तास फिरून लॅमिंग्टन रोडवर उतरतात. तेथील एका दुकानातला संवाद मी स्वतः ऐकलेला आहे.

‘आठ मायक्रोफॅरड, साडेचारशे व्होल्ट.’

‘आठ येत नाही आता, काका. दहा घेऊन जा.’

‘मला आठ हवा आहे.’

‘अहो, दोन जास्तीच देतोय ना!’

‘मंजूर आठ आहेत.’

दुकानदाराने त्यांच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीने जिल्हा कचेरीत लोक त्यांच्याकडे पाहत असत, आणि त्यामुळे त्यांना काही विशेष वाटले नाही. वस्तुस्थिती अशी, की जुन्या संचांतील आठ, सोळा आणि बत्तीस ही घराणी आता लोप पावली. त्यांच्या गादीवर दहा, बावीस आणि तेहतीस बसले आहेत. सहाशे व्होल्टच्या जागी सहाशे तीस मिळतो, ही वाढ त्यांनी नाखुशीने मंजूर केली आहे. पण ०.०५ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७ घ्यावा लागतो, आणि ही तीन सहस्रांशांची तूट त्यांनी एका वहीत वेगळी मांडून ठेवली आहे. विजेला ती कळत नाही, जुन्या कंडेन्सरांच्या मूळ मापातच याहून कितीतरी मोठी तफावत असे, हे मी एकदा बोलून पाहिले. ‘विजेला कळत नसेल,’ ते म्हणाले, ‘लेखापरीक्षकाला कळते.’ अमेरिकन सैन्याच्या एससीआर-५३६ या हातात धरावयाच्या संचासाठी १०३.५ व्होल्टची बॅटरीही त्यांनी त्या दुकानात मागितली. एरियल ओढून लांब केली की आपोआप चालू होणारा हा पाच व्हॉल्व्हचा ‘हॅन्डी-टॉकी’ त्यांच्या एका मित्राकडे आहे. दुकानदाराने मुलाला चहा आणावयास पाठविले.

नवा कंडेन्सर आकाराने जुन्याच्या पाव भागाइतकाही नसतो. जेथे अंगठ्याएवढा मेणाचा लोड होता तेथे हा पिवळा किंवा लालभडक चिमुकला बसला, की चासीची कळाच जाते. आणि येथून या क्षेत्रातील पंथभेद सुरू होतात. पहिला पंथ सरसकट बडतर्फीवाल्यांचा: कागदी म्हणून जो जो कंडेन्सर दिसेल तो, चौकशी न करता, एका दिवसात खाली. दुसरा पंथ न्यायनिष्ठ; प्रत्येकाची एक तार सोडवून, त्याला पूर्ण व्होल्टेज देऊन, गळती मोजून, गुन्हा शाबीत झाल्यावरच शिक्षा. हा पंथ सात्त्विक खरा, पण त्याचे संच वर्षाकाठी तीनदा बंद पडतात, कारण आज निर्दोष सुटलेला उद्या गळू लागतो. तिसरा पंथ वस्तुसंग्रहालयवाल्यांचा: काही बदलू नका, चालू करू नका, काचेच्या कपाटात ठेवा, आणि खाली पाटी लावा.

या तिन्हींपलीकडे सोवळ्यांचा एक सूक्ष्म उपपंथ आहे. हे लोक जुना कंडेन्सर मंद आचेवर तापवून त्यातले मेण पातळ करतात, आतली गुंडाळी ओढून काढतात, त्या पोकळ पुठ्ठ्याच्या नळीत नवा कंडेन्सर दडवितात, दोन्ही तोंडे मेणाने बुजवितात, आणि मूळ कारखान्याचे नाव वर येईल अशा बेताने नळी जागेवर बसवितात. आत्मा जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करतो असे गीतेत सांगितले आहे. येथे वस्त्रे जीर्णच राहतात, आत्मा तेवढा नवा येतो, आणि बहुधा तो चीनमध्ये तयार झालेला असतो. अशा संचाला पुढे ‘मूळ स्थितीतील’ म्हणून मिरवितात. माझे मत कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो: पिवळा चिमुकला उघड्यावर दिसू द्यावा, आणि चासीच्या आत शिसपेन्सिलीने बदलाची तारीख टाकावी. पुढच्या दुरुस्तीकाराला फसविण्यात कसले आले आहे कौशल्य? शिरस्तेदार याच मताचे आहेत. फक्त ते तारखेखाली सहीदेखील करतात, आणि प्रत ठेवतात.

व्हॉल्व्हचा जमाना सरून ट्रान्झिस्टर आला तेव्हा आता दुरुस्तीची कटकट मिटली अशी आशा निर्माण झाली होती. तापत नाही, फुटत नाही, झिजत नाही. मग बिघडणार काय? उत्तर मिळावयास थोडी वर्षे जावी लागली. १९६० च्या सुमाराच्या अनेक संचांत मुलार्डचे एएफ ११४ ते एएफ ११७ या क्रमांकांचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आढळतात. पत्र्याच्या इवल्याशा टोपणात बंद असलेल्या या सभ्य पदार्थांना काही दशकांनी आतल्या बाजूने केस येऊ लागले. ही अतिशयोक्ती नव्हे. टोपणाच्या आतल्या पृष्ठभागावरील कथलातून केसाहूनही बारीक धातूचे तंतू आपोआप फुटतात, वाढत वाढत मध्यभागी पोचतात, आणि आतल्या तारांना भिडून शॉर्ट करतात. तारुण्यात मिसरूड न फुटलेल्याला वार्धक्यात पोटात मिशा याव्यात, हा प्रकार आयुर्वेदातही वर्णिलेला नसेल. उपायही तितकाच अद्भुत. ट्रान्झिस्टरला एक टिचकी मारली तर काही काळ तो शुद्धीवर येतो. आणि कायमचा इलाज म्हणजे त्याच्या चार पायांपैकी टोपणाला जोडलेला पाय कापून टाकणे. चारातला एक पाय कापला की चालू लागतो, असा प्राणी मला तरी दुसरा ठाऊक नाही.

या उद्योगात धोका नाही असे समजू नये. १९ नंबरच्या संचात प्रेषणाच्या भागाला सुमारे ५०० व्होल्ट लागतात, आणि चांगला कंडेन्सर बटण बंद केल्यावरही तो साठा पोटात धरून बसतो. म्हणून जाणत्यांचा एक जुना नियम आहे, की चालू संचात एकच हात घालावा आणि दुसरा खिशात ठेवावा, म्हणजे धक्का बसलाच तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडणार नाही. नियम उत्तम आहे, पण तो पाटलोणवाल्यांनी केलेला आहे. शिरस्तेदार घरी धोतर नेसतात. दुसरा हात ते पाठीमागे धरून उभे राहतात, आणि खिडकीतून पाहणाऱ्याला वाटते, की कोणाची तरी तपासणी चालली आहे.

संच बोलता झाला तरी त्याला आकाशात बोलू देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही. १८८५ च्या तारायंत्र कायद्यापासून आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून आजपर्यंत कायद्यांची नावे बदलली, पण हौशी माणसानेही परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा आणि मगच कळ दाबावी, ही अट बदललेली नाही. सरकारच्या संशयाला इतिहास आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी मंडळींना आपली प्रेषणयंत्रे सरकारजमा करण्याचे हुकूम झाले. आणि २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालविला, तो पोलिसांना चुकविण्यासाठी जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला, आणि १२ नोव्हेंबरला त्यांना अटक झाली. त्या मंडळींपुढे कंडेन्सरपेक्षा मोठ्या विवंचना होत्या. शिरस्तेदारांच्या अर्जावर पोलिस तपास झाला तेव्हा हवालदार शेजारी या नात्याने माझ्याकडे आले.

‘हे गृहस्थ कोणाकोणाशी बोलतात?’ त्यांनी वही काढून विचारले.

‘कोणाशीच बोलत नाहीत,’ मी खरे ते सांगितले.

‘मग त्यांना हे यंत्र कशाला हवे?’

हा प्रश्न वहिनींनीही विचारलेला होता. हवालदारांनी ‘हरकत नाही’ असे लिहिले.

परवाना येईपर्यंतच्या काळात शिरस्तेदार एरियलच्या जागी एक विजेचा बल्ब जोडून संच तपासीत. प्रेषणाची शक्ती आकाशात न जाता बल्बमध्ये जळते, आणि यंत्र नीट असेल तर बोलण्याच्या चढउतारानुसार बल्ब कमीअधिक उजळतो. दररोज सायंकाळी ते त्या बल्बाला उद्देशून वृत्तपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचीत. ‘यांच्या बोलण्याने प्रकाश पडला,’ वहिनी म्हणाल्या, ‘असे लग्नानंतर प्रथमच पाहते आहे.’

अखेर परवाना आला, ‘व्हीयू’ने आरंभ होणारे चिन्ह मिळाले, गच्चीवर तार ताणली गेली, आणि ४० मीटरच्या पट्ट्यात १९ नंबरचा संच ऐंशी वर्षांनी पुन्हा बोलू लागला. काय बोलला, ते मी शेजारी बसून ऐकले आहे. ‘आपला आवाज पाच-नऊ येत आहे.’ म्हणजे पूर्ण स्पष्ट आणि पूर्ण बळाचा. ‘आपलाही. संच कोणता?’ ‘एकोणीस.’ ‘वा! कंडेन्सर बदलले?’ ‘सर्व.’ ‘कोणत्या कंपनीचे घातले?’ मग कंपनी, मग व्होल्टेज, मग गळती, मग ‘आपली फ्रीक्वेन्सी थोडी सरकते आहे’, मग ती का सरकत असावी, आणि शेवटी त्र्याहत्तर, हा या मंडळींचा नमस्कार. पाऊसपाणी नाही, राजकारण नाही, मुलाबाळांची चौकशी नाही. ही केवळ त्यांची आवड म्हणावी तर तसेही नाही. हौशी बिनतारीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दीर्घकाळ असेच म्हटलेले होते, की या मार्गाने तांत्रिक प्रयोगांविषयी बोलावे, किंवा ज्यासाठी सार्वजनिक तारसेवेचा खर्च करणे समर्थनीय ठरू नये इतके बिनमहत्त्वाचे वैयक्तिक काही बोलावे. बिनमहत्त्वाचे बोलण्याची आज्ञा सरकारने द्यावी आणि प्रजेने ती तंतोतंत पाळावी, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

तथापि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीची जमीन हादरली, त्यानंतरच्या दिवसांत लातूर भागातून निरोप बाहेर पोचविण्याच्या कामी अशीच हौशी माणसे आपले संच घेऊन उभी राहिली होती. त्या दिवसांत कोणी कोणाला कंडेन्सरची कंपनी विचारली नसावी. शिरस्तेदारांच्या आळीतल्या माणसांना हे सांगितले, की ते गच्चीवरच्या तारेबद्दलची तक्रार एक आठवडा तहकूब ठेवतात.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर आजोबांचा असा एखादा पेटारा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत त्याला भिंतीतला प्लग लावून पाहू नये, आणि भंगारवाल्यालाही घाईने देऊ नये. प्रथम मेणाचे कंडेन्सर बदलावेत; मग सिरीजमध्ये बल्ब लावून संच सावकाश जागा करावा; परवाना नसेल तर ऐकावे, पण बोलण्याची कळ दाबू नये. आणि तरीही आवाज आला नाही, तर कृपा करून व्हॉल्व्ह उपटून फेकू नयेत. बहुधा ते निरपराध असतात, आणि आता नवे मिळणेही कठीण झाले आहे.